बिनआवाजाची मोटर

नाही, पण मला तुम्ही एक सांगा, मोटर म्हटल्यावर तिला आवाज नको का? मिक्सरला असतो, पंख्याला असतो, आमच्या शिलाई मशीनला तर एवढा असतो की खाली दुकानात मी एखाद्या बॅगेला चेन लावायला घेतली की वरून सासूबाई म्हणतात, "झालं हिचं सुरू!"... आणि ह्यांनी आणली ती बोटीची मोटर, विजेवरची, काठीसारखी लांब, खाली एवढासा पंखा, मागच्या फळीला अडकवली, वायरी जोडल्या, दांडा पिळला, आणि... काही नाही! मी म्हटलं, "अहो, चालू करा की." तर म्हणतात, "चालू आहे." मी म्हटलं, "मग आवाज कुठाय?"

मोटर घेतली त्या दुकानातसुद्धा हेच विचारलं होतं मी. तो विकणारा, केस असे चापून बसवलेले, मोटरवर असा हात फिरवत होता, जणू लेकीचं लग्न ठरवतोय! "मॅडम, हीच तर खुबी आहे, अजिबात आवाज नाही. मासे पळत नाहीत, पक्षी उडत नाहीत, दोघांना निवांत गप्पा मारता येतात." गप्पा! आमच्याकडे बघून म्हणतो, गप्पा! आणि हे माझ्याकडे बघून हसले हो. हसले! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या पंख्यावर... एवढासा पंखा, आमच्या दोघांची वजनं, वर बॅटरी, ओढणार कसा? मला असल्या गोष्टींचा भारी नाद. घरात काहीही नवीन आलं की आधी मी ते उलटं करून बघते.

आता तुम्हाला मुळातलं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला झालंय काय. आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. चेन मी लावते, चाकं आणि कुलपं हे बघतात. दुकानावर दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई, आणि सासूबाईंचे कान म्हणजे, तुम्हाला सांगते, दूध उतू जायच्या आधी ऐकू येतं त्यांना! मी न्हाणीघरात नळ सोडून पुटपुटले तरी बाहेरून हाक, "मला काही म्हणालीस का गं?" खाली गिऱ्हाईक, वर सासूबाई. मग माणसानं बोलायचं कुठं? मनात साठलेलं सांडायचं कुठं? म्हणून मी घरात एकच शब्द बोलते. "बघू." पडदे बदलायचे का? बघू. मशीन खिडकीकडे सरकवायचं का? बघू. सगळ्याला बघू!

आणि रविवारी बोट. ह्यांच्या मामांनी दिलेली, दोन माणसांची, गावाबाहेरच्या तळ्यावर बांधलेली असते. तिला होतं एक पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढायची, चार वेळा ओढायची, दोन शिव्या द्यायच्या, मग ते असं काही सुरू व्हायचं की बाई गं! कानठळ्या! हे मागे इंजिनापाशी, मी पुढे टोकाला, ह्यांच्याकडे पाठ करून. आणि तिथं, त्या आवाजात... मी बोलायचे. सगळं! मोकळं! सासूबाईंपासून सुरू व्हायचं, मग ह्यांचं घोरणं, मग ह्यांनी गिऱ्हाइकाला "उद्या देतो" म्हणून दिलेला शब्द जो निस्तरायचा मी, मग परत सासूबाई. हातवारे करून बोलायचे हो! पाण्याला काय, ते कुणाला सांगणार आहे? परत येताना मी अशी हलकी, अशी प्रसन्न, की सासूबाई म्हणायच्या, "तळ्याची हवा मानवते हो तुला." आता काय सांगू त्यांना? हवा कसली, तुम्हालाच सोलून आले!

तर ती मोटर. त्या रविवारी ती बॅटरी, काळा ठोकळा, एवढी जड, मागे ठेवली तर बोट मागे झुकते म्हणून ह्यांनी ठेवली पुढे. म्हणजे माझ्या फळीखाली. तिथून मागच्या मोटरीपर्यंत दोन जाड वायरी, एक लाल एक काळी, बॅटरीला चिमट्यांनी लावलेल्या. मी विचारलं, "मला शॉक बसणार नाही ना?" तर म्हणे, "नुसती बस." बसले. दांडा पिळला. आणि बोट निघाली की हो! आपोआप! काठ मागे सरकायला लागला, खाली पाण्यात बारीक बुडबुडे, मी वाकून बघतेय, पंखा फिरतोय, गोल गोल, अगदी गुपचूप, लबाडासारखा. एवढं सगळं ढकलतोय, पण आवाज कुठाय?

आता तुम्ही म्हणाल, बाई, आवाज नाही हे कळलं होतं ना तुला? कळलं होतं हो! पण कळणं निराळं आणि जीभ निराळी. इतक्या वर्षांची सवय. ह्यांच्याकडे पाठ झाली, बोट हलली, वारा लागला, की जीभ सुटलीच! आणि त्या दिवशी तर मनात केवढं साठलेलं. कारण त्या दिवशी ह्यांनी जागेवाल्यांना बोलावलं होतं, तळ्याच्या काठावर, संध्याकाळी, शब्द द्यायला. कसला शब्द? तळ्याकाठची त्यांची जागा घेऊन घर बांधायचा! दुकान भाच्याकडे सोपवायचं आणि आपण कायमचं तिथं राहायचं. नकाशा काढला होता ह्यांनी, बॅगेत भरतात ना त्या खाकी कागदावर. मला दाखवला. मी काय म्हटलं असेल? "बघू."

आणि बोटीत, नेहमीसारखं सासूबाईंपासून सुरू करून, शेवटी म्हटलं, "बघू कसलं, डोंबल! मला नाही यायचं इथं राहायला! इथं माणूस नाही, काणूस नाही, बघायचं काय, पाणी? मला पाणी आवडत नाही! मला ही बोटसुद्धा आवडत नाही, फळी टोचते मेली! दुकान सोडून मी काय करू, बेडकांच्या चेन लावू? आणि ह्यांना वाटतं मासे धरून पोट भरेल. इतकी वर्षं गळ टाकून बसतात, एक मासा मिळाला नाही आजवर, एक!"

आणि मागून आवाज आला, "एक मिळाला होता."

अहो! म्हटलं, ऐकू येतंय? कधीपासून ऐकू येतंय? आणि मी अशी गर्रकन वळले की बोट हेलकावली, माझा पाय कशात तरी अडकला, मी धरलं काठाला, हे म्हणाले, "हळू! हळू!" हे दांडा धरून, मान ताठ, तोंड असं गंभीर, जसं काही जहाज सांभाळताहेत. मी फळीवर उलटी, ह्यांच्याकडे तोंड करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोटीत ह्यांचं तोंड बघितलं मी.

मी म्हटलं, "किती ऐकलंत?"

म्हणाले, "आईपासून सगळं."

धरणीमाय पोटात घेईल म्हटलं तर खाली धरणीही नाही, पाणी! मग हे म्हणाले, अगदी हळू, "मला वाटायचं तुला तळं आवडतं. दर रविवारी माझ्या आधी तू तयार असायचीस." आणि तो खाकी कागद काढला खिशातून. "हे बघ, इथं खिडकी ठेवली होती, तुझ्या मशीनला. पाण्याकडे तोंड." तुम्हाला सांगते, नकाशा मी नीट बघितलाच नव्हता. बघू म्हटलं आणि बघितलंच नव्हतं!

मी म्हटलं, "अहो, मी बोटीसाठी नाही हो यायचे. मी बोलायला यायचे."

"कुणाशी?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "तुमच्याशीच की!"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐका. म्हणाले, "मागून मला तुझे हात दिसायचे. असे उडायचे, असे आपटायचे. आठवडाभर बघू बघू करणारी बाई इथं एवढं काय बोलते? माझं डोकं फुटायची वेळ आली." मी म्हटलं, "मग इंजिन बंद करायचं होतं एकदा!" तर म्हणतात, "करून बघितलं ना. कितीदा! बंद केलं की तूही बंद."

म्हणून आणली मोटर! कळलं का? मासे पळू नयेत म्हणून नाही, पक्षी उडू नयेत म्हणून नाही! त्या चापून केस बसवलेल्या माणसाला हे आधीच जाऊन विचारून आले होते, "बोट चालत राहिली पाहिजे, पण पुढचं माणूस बोललं तर मागे ऐकू आलं पाहिजे." आणि मी तिथं पंखा उलटा करून बघतेय!

चिडले का मी? चिडले! रडले का? तेही झालं थोडं. मग भांडले, मग ते भांडले, आणि एकेक निघत गेलं... आम्ही दोघंही ओरडत होतो हो, इंजिनाची सवय, बोटीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच! हे ओरडत म्हणाले, "मग नको ना बांधायला घर!" मी ओरडत म्हटलं, "नकोच! रविवारी येईन, पण राहायला येणार नाही!" आणि हे सगळं चालू असताना ह्यांचा हात दांड्यावर, तोंड गंभीर, वळवताहेत डावीकडे, वळवताहेत उजवीकडे. मी सहज काठाकडे बघितलं. म्हटलं, "अहो, आपण जातोय कुठं?" म्हणाले, "काठाकडे वळवतोय." म्हटलं, "पण काठ बाजूनं येतोय." बोट आडवी, आणि वारा तिला नुसता ढकलत नेतोय! मी खाली बघितलं, तर लाल चिमटा निघालेला, माझ्या चपलेपाशी पडलेला. मघाशी गर्रकन वळले ना, तेव्हाच पायानं ओढला गेला! केव्हाची बंद पडली होती मोटर, आणि हे आपले चालवताहेत! कळणार कसं? आवाज कुठाय?

आणि काठावर उभे जागेवाले. टोपी हातात, कागदांची पिशवी काखेत. आम्ही आडवे वाहत वाहत त्यांच्या पुढ्यात. ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "वहिनी, मी मग जाऊ का? नाही, पाण्यावरून लांबवर ऐकू येतं हो. आईंपासून सगळं कळलं मला."

आईंपासून! त्यांनासुद्धा!

तर घर राहिलं. ह्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येते, तर माझं मशीन खिडकीपाशी सरकवलेलं! समोर रस्ता, रिक्षा, येणारी जाणारी माणसं... मला हवं तेच. विचारलं का मला? नाही. मी बघू म्हटलं असतं ना.

पण खरी गंमत पुढेच. रविवार आला, मोटर लावली, चिमटे नीट बसवले, मी पुढे, हे मागे. बोट निघाली. शांत. पाण्याचा आवाज, माझ्या बांगड्यांचा आवाज, कुठल्याशा पक्ष्याचा. मागून म्हणतात, "बोल की." मी म्हटलं, "काय बोलू? ऐकू येतं ना!" पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. सासूबाई म्हणायला लागल्या, "हल्ली तळं मानवत नाही वाटतं तुला." मी इतकी फुगले, इतकी तुंबले, की एका गिऱ्हाइकाच्या बॅगेला चेन उलटी लावून दिली! शेवटी मीच म्हटलं, "अहो, ते जुनं इंजिन लावा. मला बोलायला जागा नाही." हे म्हणाले, "लावू. पण आता मी पुढे बसणार."

मला काय, बसा! मागे बसले मी. दोरी चार वेळा ओढली, दोन शिव्याही दिल्या, आल्या मला, काही अडलं नाही. उजवीकडे जायचं तर दांडा डावीकडे, डावीकडे जायचं तर उजवीकडे, हे जरा डोक्यात बसेना, पण जमलं. इंजिन असं गरजलं! म्हटलं, चला, आता मन मोकळं करावं... आणि समोर बघते तर काय! हे पुढे, माझ्याकडे पाठ. आणि ह्यांचे हात! असे उडताहेत, असे आपटताहेत, एकदा तर दोन्ही हात डोक्याला लावले! काय बोलत असतील हो? माझ्याबद्दल असेल? आईंबद्दल असेल? त्या एका माशाबद्दल असेल? माझं बोलणं राहिलं बाजूला, मी अशी पुढे वाकलेय, मान लांब करून, कान टवकारून. पार वेड लागायची पाळी. मग मी काय करावं? झटकन इंजिन बंद केलं.

हात खाली. पाठ ताठ. गप्प.

मी म्हटलं, "अहो, काय म्हणत होतात एवढं?"

वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "काही नाही. बघू."

आता ती नवी मोटर दाराआड उभी आहे, तिच्यावर मी ओला टॉवेल वाळत टाकते. आणि दर रविवारी मी मागे, कानठळ्या बसवणारं इंजिन हातात धरून, समोर माझा नवरा मनसोक्त बोलतोय, चांगला तळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलतोय, दिसतंय मला, सगळं दिसतंय... पण आवाज कुठाय?