इळाबाईनं दार उघडलं नाही

(पुसेगाव. पंचफुलाबाईच्या घराची ओसरी. रविवारची दुपार.)

पंचफुलाबाई : मी दार उघडलं न्हाई, अन् उघडनार बी न्हाई. तू आधी बस. आल्यापून पाठीवर बॅग घेऊन उभाच हायस.

हरीश : बसायला वेळ नाही, मावशी. चार वाजता मेळाव्याच्या सरांचा फोन येणार आहे. त्याआधी हे निस्तरायचंय. कोमल, तू मला आधीच का नाही सांगितलंस?

कोमल : काय सांगू, दादा? मागच्याच रविवारी खेळात झालं ते. मी म्हटलं, शत्रूची फौज खिंडीच्या दाराशी आली, सेनापतीनं सोन्याची थैली वर करून दाखवली, आता इलारा काय करते? माय म्हणली, दाराला आतून आडना लावते.

पंचफुलाबाई : इळाबाई म्हन. इलारा काय नाव हाय व्हय?

हरीश : खेळाच्या पुस्तकात इलाराच आहे. आणि पुस्तकात ती सोनं घेते, दार उघडते आणि थोर्वेनचं राज्य बुडतं. मावशी, त्या जगाचा पुढचा सगळा इतिहास त्या एका दारावर उभा आहे. राज्य बुडलंच नाही, तर पुढची सगळी पुस्तकं खोटी पडतात.

पंचफुलाबाई : पडू दे की. मी ल्हिली का?

हरीश : खेळ कुणी शिकवला तुम्हाला? लॉकडाऊनमध्ये इथं अडकलो तेव्हा याच ओसरीत बसून मीच शिकवला ना? तेव्हाच सांगितलं होतं. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. पण जग आपलं नाही. ते कंपनीनं रचलंय. त्याचा अधिकृत इतिहास आहे, तो मोडायचा नाही.

पंचफुलाबाई : ते सांगितलं. पन दुसरं काय सांगितलं तेबी आठव. म्हनला, मावशी, ह्या पुस्तकात डोंगरावर मेंढ्या राखनारी एक बाई हाय, खिंडीची राखन करती, ती तू हो. मला बरं वाटलं. एवढ्या राजा-रान्यांत आपल्यातली कुनीतरी हाय. मी व्हय म्हनले. ती शेवटाला इमान इकनार हाय, हे तवा काहून न्हाई सांगितलं?

हरीश : सांगितलं असतं तर तू घेतली असतीस का ती?

पंचफुलाबाई : न्हाई.

हरीश : म्हणून.

पंचफुलाबाई : वा रे पठ्ठ्या. म्हंजे मला ठावंच न्हाई, अन् माझ्या कपाळावर आधीच ल्हून ठिवलेलं. तू गेलास पुन्याला, आमी खेळत राहिलो. जळबा भावजी चोर झाले, प्रियंका जादूगारीन झाली, अन् मी इळाबाई. दर आयतवारी. खुरपून आले तरी, आंग दुखत असलं तरी. खिंडीतली एकेक मेंढी मला नावानं ठाव हाय. अन् आता तू येऊन सांगतूस, मावशी, तू चोरटी हायस.

कोमल : माय, थोडं हळू. दादा माझ्यासाठीच आलाय.

पंचफुलाबाई : तुझ्यासाठी आला हे दिसून राहिलं. पन भांडून तर माझ्यासंगं राहिला.

हरीश : तुला माहीत आहे ना तिकडं काय आहे? पुण्याच्या मेळाव्यात कंपनीची माणसं स्वतः येऊन बसतात. टेबलं मोजकीच असतात. कोमलनं आपल्या मोहिमेचा गोषवारा पाठवला, तो त्यांना आवडला. खेड्यातून असा खेळ कुणी चालवतं यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांची एकच अट आहे, मोहीम अधिकृत इतिहासाशी जुळली पाहिजे. जुळते का, एवढंच विचारायला फोन येणार आहे. आणि तिथं जो चांगला खेळ चालवतो, त्याला ते खेळाची पुस्तकं लिहायला कामावर घेतात. कोमलला घेतील, मला खात्री आहे.

कोमल : मला पण वाटतं घेतील. माय, तुला खोटं कशाला सांगू, मला लई जायचंय. सेनगावच्या कॉलेजातून आल्यापासून मी काय करून राहिले? शिकवण्या घेते, अन् आठवडाभर रविवारची वाट बघते. दुसरं काही मला एवढं जमत नाही.

पंचफुलाबाई : मला दिसत न्हाई का ते? तू ती फौज डोंगराखाली उभी केलीस, तवा माझ्या अंगावर काटा आला. घोड्यांचा वास आला मला.

कोमल : मग एक दार उघड ना, माय. खेळातलंच तर आहे.

पंचफुलाबाई : खेळातलं हाय म्हून तर माझ्या हातात हाय.

हरीश : मावशी, मी कंपनीचा नोकर नाही. माझं ऐकून तर घे. नागपूरचा एखादा पोरगा आणि सांगलीची एखादी पोरगी, एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, ते एका टेबलावर बसतात आणि खेळ लगेच सुरू होतो. कशामुळं? दोघांनाही माहीत असतं की ती खिंड पडली होती. ज्यानं त्यानं मनाला येईल ते केलं, तर प्रत्येकाचं जग वेगळं होईल. मग कुणीच कुणासोबत खेळू शकणार नाही. सारखं आहे म्हणून ते सगळ्यांचं आहे. मी पुण्यात गेलो तेव्हा माझं कुणी नव्हतं. ह्या इतिहासावर मला मित्र मिळाले.

पंचफुलाबाई : हे मातर बराबर बोललास. ह्याला मी न्हाई म्हनत न्हाई.

हरीश : मग?

पंचफुलाबाई : आपल्या घरी जागरन असतं, तवा संतराम वाघ्या येतो. म्हाळसा-बानाईचं भांडन लागतं. त्यात शेवटचा शबूद कुनाचा?

हरीश : बानाईचा.

पंचफुलाबाई : काहून?

हरीश : ती धनगराची म्हणून. आपली म्हणून.

पंचफुलाबाई : अन् त्योच संतराम दुसऱ्या घरी गेला की म्हाळसाला जिंकवतो. मी या कानानं आयकलं हाय. पोथीवाल्याच्या पोथीत तर बानाई दोन ओळीत येती अन् जाती. म्हून खंडोबा दोन झाले का? भंडारा तर सारेच उधळतेत. जत्रंला सारे एका रांगंत उभे राहतेत. तुझा तो नागपूरचा पोरगा आला माझ्या घरी, तर मी काय त्याला हाकलीन व्हय? म्हनीन, बाबा, तुझ्याकडं खिंड पडली, माझ्याकडं न्हाई पडली. ये, च्या घे, खेळू.

कोमल : दादा, ह्याला उत्तर दे.

हरीश : खंडोबाच्या जागरणाला कंपनी नसते, हे उत्तर आहे. थांबा. मला एक सुचतंय. कोमल, राज्य बुडवायचं, पण दार मावशीनं उघडायचं नाही.

कोमल : म्हणजे?

हरीश : किल्लेदार आहे ना आत, त्यानं उघडलं. रात्री, मावशी झोपली असताना. राज्य बुडालं. आणि आळ आला इलारावर. राजाच्या लेखकानं लिहून ठेवलं, मेंढ्या राखणारीनं उघडलं. म्हणजे पुस्तकात आहे ते तसंच राहतं आणि मावशीनं इमानही विकलं नाही. खरं काय ते फक्त आपल्याला माहीत.

कोमल : दादा! हे तर पुस्तकापेक्षा भारी आहे. माय, आता तर झालं ना? तू उघडतच नाहीस.

पंचफुलाबाई : अन् नाव?

हरीश : नाव कसलं?

पंचफुलाबाई : पुस्तकात नाव कुनाचं जातं?

हरीश : नाव इलाराचंच जाणार, मावशी. त्याशिवाय जुळणार कसं?

पंचफुलाबाई : मंग न्हाई. ह्यापरीस मी सोनं घेऊन उघडलेलं बरं. निदान थैली तरी हाती लागंल.

हरीश : आता हा निव्वळ हट्ट झाला.

पंचफुलाबाई : हट्टच हाय. कोमल, तुला मी हे कवा सांगितलं न्हाई. तुझे आबा, माझा बाप, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वसमतच्या अंगानं जायचे. मी लहान होते, घोड्यावर कोंबड्याच्या खुराड्याजवळ बसायचे. एका गावात शेतात मेंढरं बसवली व्हती. सकाळी उठलो तर शेजारचा हरभरा खाल्लेला. गाव गोळा झालं. मातीत बैलाच्या खुराचे ठसे होते, एवढाले. पोरीला मला दिसले, तर त्यांला दिसले नसतील? पाटलाचेच बैल सुटले व्हते. पन कुनी बैलाचं नाव काढंना. मेंढक्यानं खाल्ला, झालं. बाप हात जोडून उभा राहिला. मी म्हनाय गेले, आबा, ठसे बघा की, तर त्यानं माझं तोंड दाबलं.

कोमल : मग?

पंचफुलाबाई : मंग काय. ती वाट आमी सोडली. औंदा लगनाला गेले व्हते त्या गावात. एक म्हातारी म्हनली, कुनाची गं तू? सांगितलं. तर म्हनती, म्हंजे ज्यायनं हरभरा खाल्ला त्यायची का. हसत म्हनली. तिच्या मनात काई नव्हतं. तिला तसंच ठाव हाय, तिच्या नातवाला बी तसंच ठाव राहील. हा झाला तुझा अधिकृत इतिहास. खरं काय ते फक्त आमाला माहीत. लई वर्सं झाली माहीत असून. काय उपेग झाला?

हरीश : मावशी, मला हे माहीत नव्हतं.

पंचफुलाबाई : तुझ्या आईनं बी सांगितलं नसंल. कुनी सांगत न्हाई. तवा माझं तोंड बापानं दाबलं, ते भ्याला म्हून. त्याला मी बोल लावत न्हाई. पन आता माझ्या तोंडावर कुनाचा हात न्हाई. दार माझ्या ताब्यात हाय, आडना माझ्या हातात हाय. तुमच्या कंपनीनं छापलं म्हून मी त्यो काढू?

कोमल : माय, चारला पाचच मिनिटं राहिली.

पंचफुलाबाई : तू तुझं बघ, बाई. खेळ तू चालवतीस. जायचं तर जा, मी तुझ्यावर रुसनार न्हाई. पन इळाबाईला दार उघडाय लावायचं असंल, तर माझ्या जागी दुसरी बसव. माझ्या तोंडून ते यायचं न्हाई.

हरीश : तसं होऊ शकतं, कोमल. पुण्यात माझी एक मैत्रीण आहे, चांगली खेळते. ती इलारा करेल. मावशीचं मन राखलं जाईल आणि तुझंही काम होईल. फोनवर फक्त ‘हो, जुळते’ म्हण. वाजतोय बघ.

कोमल : हॅलो. हो सर, कोमलच बोलतेय. पुसेगावहून. नमस्कार. हो, तयारी झाली आहे. इतिहासाशी ना? नाही सर, जुळत नाही. खिंडीच्या प्रसंगापासून जुळत नाही. आमच्याकडं दार उघडलं नाही. नाही सर, वाचलंय मी, चूक नाही झाली. राखणदारीण उघडत नाही म्हणाली. हो, मी गेम मास्टर आहे, पण मी तिला विचारलं आणि तिनं सांगितलं. बदलता येईल म्हणजे? दुसरी राखणदारीण नाही सर आमच्याकडं. एकच आहे. हो. समजलं. नाही, विचार झाला माझा. ठेवते.

पंचफुलाबाई : काय म्हनले?

कोमल : जागा दुसऱ्या गटाला देणार.

पंचफुलाबाई : इकडं ये. रडून राहिली का?

कोमल : रडत नाही. राग आलाय.

पंचफुलाबाई : माझा?

कोमल : थोडा तुझा. जास्त त्या सरांचा. माझा गोषवारा आवडला म्हणत होते. मग एवढं तरी विचारावं माणसानं, की दार बंद ठेवलं तर पुढं काय झालं. दोनदा म्हणले, जुळत नाही, जुळत नाही. पुढं काय झालं ते विचारलंच नाही.

पंचफुलाबाई : न्हाई इचारत ते. तू तुझं ल्ही. त्यांच्या त्या थोर्वेन का थोरवाडीचं न्हाई, आपल्या खिंडीचं ल्ही. त्याला कुनाची परवानगी लागत न्हाई. हरीश, तुझी जीप निघंल. उठ म्हनावं तर तू बसलाच न्हाईस.

हरीश : जीप जाऊ दे. मावशी, काय झालं पुढं?

पंचफुलाबाई : कशाचं?

हरीश : दार बंद ठेवल्यावर.

पंचफुलाबाई : आधी बॅग उतरीव. हां. आता टेक भितीला. कोमल, फासे आन, अन् च्या ठिव. तर काय झालं, फौज रातभर दारावर धडका देऊन राहिली. सेनापतीनं थैली भितीवरून आत फेकली. मी ती तशीच परत फेकली. फासा चांगला पडला, त्याच्या टकुऱ्यात बसली.

कोमल : तेव्हा जळबाकाका एवढे हसले की पाण्याचा ठसका लागला त्यांना.

पंचफुलाबाई : मंग वरून बरफ पडाय लागलं. त्यांची घोडी गारठली, दानापानी सपलं. पहाटं पहाटं एकेक जन खाली उतरून गेला. मी भितीवरनं सारं बघून घेतलं. अन् दिस उगवल्यावर दार उघडलं.

हरीश : उघडलं? कुणासाठी?

पंचफुलाबाई : मेंढरायसाठी. सकाळ झाली की त्यांला चरायला सोडावं लागतं.