मांदेलीचा बाण

तसं नाय सर, पोरीला कशाला बोलायचं — ती शाळेत रडली ती रडली, घरी येऊन माझ्याशी बोलना झालीय, दोन दिस ताट उचलून ओटीवर जाऊन जेवते! — मागं सरा, रावसाची खवलं उडतात — सातवीतली पोर माझी तेजल, एवढं अन्नसाखळीचं चित्र काढलं आन् तुमी लाल पेनानं भलं मोठं शून्य दिलंत. का? तर बाण उलटे. उलटे कसे? रावस मांदेलीमागं धावतो, मांदेली जवळ्यामागं, जवळा पाण्यातल्या त्या बारीक हिरव्यामागं — मग बाण धावतो तिकडंच काढणार ना? नवापूर बंदरावरच्या कोळणीला मासा कुठं धावतो ते तुमी सांगणार? — डोकं टाकू नका हो, झकास कालवण होतं — ती तुमची ऊर्जा, दहातला एकच भाग पुढं जातो, बाकी पोहण्या-धावण्यात संपतो, ते पटलं आमाला. जाळ्यात दिसतंच की, जवळा टोपल्या-टोपल्या आन् रावस एखादाच! माझंच घ्या, सकाळचं खाल्लेलं सगळं रिक्षावाल्याशी भांडण्यात गेलं — तरी अंगावर एवढं कसं उरलं ते तुमच्या शास्त्राला विचारा. पण बाण बरोबरच हाय. म्हणजे... पोरीनं आधी तुमच्यासारखेच काढलेले. मीच म्हटलं, नाखव्याची नात ना तू? खोड ते! रबर मीच दिला. तो एक काळाकुट्ट बाण दिसला ना तुमाला — तो माझा, काजळाच्या पेन्सिलीनं — जाऊ दे, ते कुठं विचारलंत तुमी.

हे बघा, पोट फाडलं — अगं बाय! मांदेली! अख्खी, डोळ्यांसकट! आता हिचं पोट दाबलं तर... हाय, जवळा! बघा, काय सांगत होते मी? जवळा गेला मांदेलीत, मांदेली गेली रावसात, रावस आता चालला तुमच्या...

...

हसू नका, सर. कोयता हाय माझ्या हातात.

ते शून्य माझं. माझ्या नावावर मांडा, मी नववी नापास हाय, आणखी एका शून्यानं काय फरक पडतोय. पोरीची वही तेवढी परत बघा — खोडलेल्या रेघा दिसतील, नीट उजेडात धरा. आन् ही मांदेली न्या, दाखवा वर्गात. तेजलला सांगा, सरांचंच चुकलं... नाय, नको. मीच सांगते. आज ताट घेऊन मीच जाते ओटीवर.

निघा आता. ए सोमी, पाणी ओत गं इकडं!