सवची हडळ

— दारातल्या पडद्याआड नको, इथं पुढं बसा, टीव्हीसमोर. चोरासारखं काय उभं रायचं, आबा? आख्ख्या पोलादपुरानं बघितलीय ती, तुम्हीच राहिलात. कॉलेज सोडून व्हिडिओवर पिक्चर दाखवतो म्हणून वर्षभर माझं तोंड बघितलं नाय, नि आज आलात — का? ललिताचा हट्ट, लग्नात आयचा फोटो पायजे. घरात एक नाय. तिला महाडला स्टुडिओत न्यायला तुम्हाला सवड झाली नाय, दुसरं काय! आता फोटोवाला बोलतो, टीव्हीवर चित्र थांबवा, मी काढतो. म्हणजे लेकीच्या मांडवात हडळीचा फोटो.

लावतो. पिक्चर भिकार हाय — रबराचे हात, रक्त म्हणून कसला तरी लाल पाक, मुंडकं उडालं तरी ढेरपोट्या हवालदार पळतोच हाय, लोक हसून लोळतात. पण ती आली की गप्प. खरीच वाटते ना — वाटणारच! शाळेत पोरांना सांगायचात, भूत नसतं, अंगारा लावू नका, डॉक्टरकडं जा — नि घरात बाई रक्त थुंकतेय, तिला काय? जा, सव गावच्या ऊन पाण्याच्या कुंडात न्हाऊन ये! क्षय झालाय कळलं तर मास्तरांच्या घरी पाणी कोण पिणार? तिथं त्या मुंबईवाल्यांचं शूटिंग. कुंडाच्या वाफेतून ती वर आली, डोळे आत, हाडं वर — डायरेक्टर ओरडला, हिला मेकअप लावू नका! घरी येऊन किती खुशीत सांगत होती, मला पिक्चरमदी घेतलं. तुम्ही बोलणं टाकलंत तिच्याशी. पावसाळा नाय काढला तिनं.

वाफ आली बघा... आता...

नाय, मशीन बिघडलं नाय. टेप झिजलीय तिथं. प्रत्येक खेळाला ओरडतात, हडळ परत लाव — मी लावतो. नि सगळे गेले की मी लावतो. थांबवून बघत बसायचो. बाकी टेप धड हाय, तो हवालदार, ती रबराची मुंडकी — आयच्या तोंडावरच ह्या पट्ट्या. दुसरी टेप? महाड, माणगाव, मुंबई, सगळीकडं विचारून झालं. कुणाकडं नाय.

केस दिसले? हात? — तेवढंच.

ललिताला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मास्तर तुम्ही. डोळे नंतर पुसा, उठा. बाहेर माणसं उभी हायत. हडळ बघायचीय त्यांना.