अवेळी लागलेला बावटा

—नाय नाय, बसा तुमी, उठू नका. तुमचा बावटा काय कुठं पळून जात नाय. मी आपला सहज आलोय. सहज म्हणजे—घरी साखरबाई सकाळपासून भांडी आपटतेय, आणि बायको भांडी आपटायला लागली का माणसानं खडकावर येऊन बसावं, येवढंच. तुमी चंद्रभान ना? नगरकडचे? ठाऊक हाय मला. मुकादमानं शिट्टी मारली का हा लाल बावटा उभा करायचा, सुरुंग उडाला का गुंडाळायचा. बरं काम हाय. सावली तेवढी नाय. हसताय कशाला?—अच्छा, ओळखलंत म्हणजे. तोच मी, महादू तांडेल—तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या हो. पोरं मागून 'धुडूम, धुडूम' ओरडतात तोच. तुमी यायच्या आधीची गोष्ट, तरी पोचली बघा तुमच्यापर्यंत. आमच्या गावात पोस्टाचं पत्र आठ दिवसांनी येतं, पण महादूची फजिती कशी, चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी बोईसरला.

पण तुमाला सांगणाऱ्यानं अर्धीच सांगितली असेल. माझ्या तोंडून ऐका, मी जास्त चांगली सांगतो. गेल्या साली, दसरा झाला होता. विजेच्या कारखान्याचं काम नुकतंच ह्या अंगाला सरकलेलं, आमाला त्याचं काय? आमी दर्यात. डोल भरली होती—डोल म्हणजे आमचं मोठं जाळं हो, दर्यात खुंटाला बांधतो, पाण्याच्या ओढीनं भरतं—भरली म्हणजे अशी भरली होती का ओढताना खलाशी देवाचं नाव घेत होते. आणि मी, शहाणा, सहज काठाकडं बघितलं. तर ह्या खडकावर लाल बावटा! आता तुमीच सांगा, आमच्या बापजाद्यांपासून काठावर बावटा लागला म्हणजे अर्थ एकच—वादळ येतंय, घरी या. सुरुंगाला पण बावटा लावतात हे मला कोण सांगणार? पापलेट? आभाळ निळं, वारा गोड, माझा एक खलाशी बोलला पण, 'तांडेल, वादळ कुठं दिसत नाय.' मी बोललो, 'तुला दिसलं असतं तर तू तांडेल झाला असतास.' असं बोललो. हे वाक्य अजून मला ऐकवतात.

भरलेली डोल सोडली. दोर कोयत्यानं कापला, सोडायला वेळ कुणाला! आणि शीड फिरवलं. आमच्यात रीत हाय दादा, जुन्या तांडेलानं शीड फिरवलं का मागच्यांनी विचारायचं नाय, आपलं पण फिरवायचं. विचारत बसलं तर वादळ थोडंच थांबतंय? तर सगळ्या गावाच्या बोटी, भरलेली जाळी टाकून, माझ्या मागं. काठावर बायका छाती पिटत धावल्या. साखरबाई कमरेइतक्या पाण्यात उभी, देवीला कोंबड्याचा नवस बोलतेय. आणि आमी वाळूला टेकलो ना टेकलो—धुडूम! मी वाळूवर पालथा, दोन्ही हात डोक्यावर. जरा वेळानं एक डोळा उघडून बघतो तर वरती ऊन पडलंय आणि कारखान्याची माणसं पोट धरून हसतायत. कोंबडा द्यावाच लागला हो. देवीला काय सांगणार—वादळ नव्हतं, सुरुंग होता? बोललं ते दिलं. रस्सा मी पण खाल्ला. झाला होता बरा.

तेव्हापासून सुकाणू पुंडलिकाकडं. माझा पोरगा. मी लोकांना सांगतो, मी दिलं. दिलं कसलं! दुसऱ्या दिवशी काठावर गेलो तर माझ्या जागेवर तो बसलेला, आणि खलाशी सगळे पाण्यात काय पडलंय ते शोधत होते, माझ्याकडं कुणी बघंना. मग मीच बोललो, 'आज गुडघा दुखतोय रे.' आणि मागं फिरलो. तो गुडघा तेव्हापासून खरोखरच दुखतो. पोरगा चांगला हाय पण. माझ्याहून चांगला तांडेल हाय, हे त्याच्यापुढं बोलत नाय मी, चढून बसेल.

काय? कुठं बघतोय? कुठं नाय. असंच. ते बघा—नाय, तसं नाय, माझ्या बोटावरून बघा—तो पांढरा ठिपका दिसला? तेच शीड त्याचं. सातपाटीवाल्यांनी यंत्रं बसवली बोटींना, आमचं अजून शीडच. आणि आज वारा बघा. नाय ना? तुमच्या बावट्याचं फडकं कसं मेल्यासारखं पडलंय. मग मला सांगा, वारा नाय तर ही येवढी लांब लाट येते कुठून? एक फुटली का दुसरीला किती वेळ लागतोय बघा. कुणीतरी तिकडं लांब दर्या ढकलतंय. सकाळी खेकडे पण सगळे वरच्या खडकावर चढून बसलेले. आता खेकड्यांचं काय, त्यांना पण हवा खायची असेल. बंदरावरच्या काठीवर वादळाची खूण काय चढलेली नाय. पोस्टमास्तरांच्या रेडिओपाशी जाऊन आलो, तिथं गाणी लागली होती. मग महादूला कोण विचारतो? मीच मला विचारत नाय.

बोललो नाय कसं? बोललो की. पहाटे बोट ढकलताना बोललो. पण कसं बोललो? हसत बोललो. 'काय रे पुंडलिक, आज दर्या जरा जड दिसतोय, नाय?' असं, लग्नात जेवण कसं झालंय विचारावं तसं. तो बोलला, 'काय आबा, बावटा दिसला काय?' सगळे हसले. आणि मी—मी पण हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. वर बोटीला खांदा लावला, ढकलून दिली पाण्यात. साखरबाई मागं उभी होती, तिनं बघितलं माझ्याकडं. म्हणून ती भांडी आपटतेय. मला भीती वाटतेय, चंद्रभानदादा. सकाळी लोक हसतील म्हणून वाटत होती. आता ती नाय, दुसरी वाटतेय.

हा बावटा जड हाय काय हो? नाय, हात लावून बघतो नुसता. काठी बांबूची दिसते. ठाऊक हाय, शिट्टी झाली नाय. दुपारचा सुरुंग जेवणानंतर, ते पण ठाऊक हाय. आता गावात बारक्या पोराला पण तुमच्या सुरुंगांच्या वेळा पाठ हायत. पुंडलिकाला पण हायत. म्हणूनच बोलतो मी. आता ह्या वेळी बावटा लागला तर तो काय समजेल? वादळ? छट्! सुरुंग? सुरुंगाची वेळ नाय. तो डोळ्यांवर हात धरून बघेल, आणि खडकावर हे वाकडं अंग नाचताना दिसेल, आणि कपाळावर हात मारेल. बोलेल, 'बाप चळला माझा. सगळ्या कारखान्यापुढं तमाशा करतोय. जाऊन उतरवला पाहिजे त्याला.' वादळासाठी येणार नाय तो, दादा. लाजेसाठी येईल. आणि त्याचं शीड फिरलं का बाकीचे पण फिरतील, तांडेल आता तो हाय ना, त्याला 'का' म्हणून कुणी विचारत नाय.

तुमची नोकरी? तुमाला काय होत नाय. म्हाताऱ्यानं हिसकावला म्हणून सांगा. मुकादम गावात कुणालापण विचारू दे, सगळे मान हलवतील, 'हा म्हातारा हे करणारच.' माझं नाव येवढं खराब हाय ना, त्यात तुमी आरामात लपाल. आणि वादळ नाय आलं तर? नाय आलं तर नाय आलं. एक धुडूम होतो, दोनदा धुडूम होईन. आणखी एक कोंबडा जाईल. द्या. सोडा काठी. सोडा हो, तुमच्याशी झटापट करायचं वय हाय काय माझं?

हां. —हे बघा, ह्याच्यात तर काय वजनच नाय. हाऽऽ! पुंडलिकऽऽ! ऐकू जात नाय, ठाऊक हाय, तरी ओरडतो. तिकडं तुमची माणसं पळायला लागली बघा, पळू दे, जेवायला भूक लागेल. फिर रे. फिर माझ्या राजा. काय बघतोस नुसता, तुझाच बाप हाय. अजून कोण असणार येवढा मूर्ख? तुमचे डोळे तरणे हायत दादा, बघा जरा, माझ्या डोळ्यांत पाणी येतंय उन्हानं. शीड आडवं झालं काय? झालं? नीट बघा! झालं?—नाक इकडं झालं? आणि मागचं? ते पण?

बरं. बरं झालं. साखरबाईला—नाय, राहू दे, तिला दिसलं असेल. आता तुमी जा. खरंच जा, तिकडं त्या ढिगामागं बसा. मुकादमाची काळजी करू नका हो, मुकादमासाठी नाय सांगत मी. पुंडलिक वाळूला लागला का पहिली शिवी मला घालणार हाय, आणि पोरगा बापाला शिव्या घालतो ते परक्या माणसानं ऐकू नये. जा म्हणतो ना.