उलटलेल्या गाडीत शेजारच्या सीटवर कोण होते याबाबत

मी, जिला ओळखीत सगळे छत्रीकाकू म्हणतात ती, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी छत्री दुरुस्ती, हल्ली आराम, राहणार मुलगी व जावई यांच्या घरी, तळमजल्यावरची मागची खोली. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

माझी मुलगी बँकेत नोकरीला आहे. जावयांचे चष्म्याचे दुकान आहे. मागच्या वर्षी त्यांनी दोनच सीटची, उघड्या टपाची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. मुलीने त्या गाडीचे नाव 'पोरकटपणा' ठेवले आहे. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण बटण दाबले की तिचे कापडी छप्पर काड्यांसकट दुमडून मागच्या पेटीत जाते. माझे अर्धे आयुष्य छत्र्यांच्या काड्या सरळ करण्यात गेले आहे. ते छप्पर मी जावयांना लागोपाठ इतक्या वेळा उघडायला लावले की शेवटी ते म्हणाले, "आई, बॅटरी उतरेल."

माझ्या पाठीचे ऑपरेशन झाले आहे. त्यामुळे त्या बुटक्या गाडीत मी बसायचे नाही, असे मुलीने मला आणि जावयांना दोघांनाही बजावले होते. तरी दर गुरुवारी, दुकान बंद असते तेव्हा, आम्ही दोघे फिरायला जात होतो. मुलगी बँकेतून यायच्या आत परत. हे तिला सांगायचे नाही, असा शब्द मी जावयांकडून घेतला होता. गाडी चालवायला मला येत नाही.

गेल्या गुरुवारी खाणीच्या वळणावर कुणाच्या तरी ट्रकमधून वाळू सांडलेली होती. गाडी घसरली, कठड्याला धडकली आणि पलीकडच्या शेतात उलटली. वेग बेताचाच होता, कारण मी बरोबर असले की जावई गाडी हातगाडीसारखी चालवतात.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले की छप्पर नसलेली गाडी उलटली तर आतली माणसे जगतातच कशी. हा प्रश्न मलाही होता आणि मी तो गॅरेजवाल्याला आधीच खोदून खोदून विचारला होता. कापडाचा भरवसा नसतो, ते फक्त पावसाला, असे तो म्हणाला. खरा भार दुसरीकडे असतो. समोरच्या काचेच्या चौकटीत जाड नळी घातलेली असते. दारांखालचा उंबरठा साध्या गाडीपेक्षा भक्कम असतो. आणि सीटमागे दोन लोखंडी कमानी लपलेल्या असतात, गाडी कलंडली की त्या आपोआप वर उसळतात. मला ते तेव्हा खरे वाटले नव्हते. "बघायला मिळेल का?" असे मी विचारले, तर तो म्हणाला, "काकू, असं अभद्र बोलू नका."

मला बघायला मिळाले. गाडी उलटताना मागे खाडकन आवाज झाला आणि कमानी वर आल्या. गाडी त्या कमानींवर आणि काचेच्या चौकटीवर तोलून, बांधाला टेकून तिरकी थांबली. मी पट्ट्यात उलटी लोंबकळत होते. डोके आणि गवत यांच्यात वीतभर अंतर होते. काचेला जाळे पडले होते, पण चौकट थोडीशीच वाकली होती. मागच्या पेटीत दुमडलेल्या छपराच्या काड्यांचा मात्र बांधावर आपटून पार चुराडा झाला होता, त्याचे मला वाईट वाटले. भीती वाटली का, असे साहेबांनी विचारले. वाटली, पण नंतर, जावयांचा हात बघितल्यावर. त्या कमानी परत आत ढकलता येतात की नव्या घालाव्या लागतात, असे मी साहेबांना विचारले. हे जबाबात बसत नाही असे ते म्हणाले, तरी लिहून घ्यावे.

माझ्या बाजूने बाहेर यायला जागा होती. जावयांचे मनगट मोडले होते, तरी आधी त्यांनी माझा पट्टा सोडवला. ते म्हणाले, "आई, आधी दवाखाना." मी म्हणाले, "तुमचा दवाखाना, माझं घर. तिला कळलं तर आपली धडगत नाही." अॅम्ब्युलन्स लांबून दिसल्यावर मी भाजीच्या टेम्पोत बसून घरी आले आणि मुलगी आली तेव्हा वाटाणे सोलत होते.

जावयांनी पोलिसांना सांगितले की गाडीत ते एकटेच होते. माणूस सरळ आहे, पण खोटे बोलायची सवय नसलेला माणूस ते फार वाईट बोलतो. शेजारच्या सीटवर कोणी बसले असेल तरच त्या बाजूची एअरबॅग फुगते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. ती फुगलेली होती. शेजारचा पट्टाही धक्क्याने आवळून, सोडवल्यावरही तसाच अडकून बसलेला होता. हवालदारांनी दवाखान्यात माझ्या मुलीसमोरच विचारले, "शेजारी कोण होतं?" जावई म्हणाले, "कुणी नव्हतं." त्यानंतर मुलीने त्यांना एकच विचारले, "कोण आहे ती?" तेव्हाही त्यांनी मला दिलेला शब्द पाळला.

आज सकाळी मुलीने कपाटावरची मोठी बॅग खाली काढून तिच्यात स्वतःचे कपडे भरले. मी विचारले तर म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस." मी तर त्यात आधीच पडलेली होते, उलटी. पण मला लाज वाटली. तिच्यासमोर तोंड उघडेना, म्हणून रिक्षा करून इथे आले. शेजारच्या सीटवर मी होते. दुसरी कोणतीही बाई नव्हती, आज नाही आणि कधीच नाही. जावयांनी माझ्यासाठी संसार पणाला लावला, त्यांचा काही दोष नाही.

माझ्या विनंतीवरून साहेबांनी फोन करून मुलीला बोलावून घेतले व वरील जबाब आम्हा दोघींसमोर मोठ्याने वाचला. वाचन चालू असताना ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. अर्ध्यावर तिने साहेबांना थांबवले आणि विचारले, "आई, पाठीला लागलं का गं?" मी नाही म्हणाले. मग ती रडली आणि मग माझ्यावर एवढी ओरडली की बाहेरचे हवालदार आत आले. हे लिहू का, असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, लिहा. पुढचे वाचन तिने उभ्यानेच ऐकले. ऐकून झाल्यावर म्हणाली, "चल, दवाखान्यात तुझा एक्स-रे काढू. तुझा जावईही अजून तिथेच आहे."

सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खरा आहे, आणि माझ्या मुलीने तो ऐकला आहे.