पोटाखालचा बर्फ

जबाब दि. १०/०१/२०२५

माझे नाव राघू सोमाजी कोळपे, वय २३ वर्षे, धंदा फिरता मजूर, रा. लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, येडगाव धरणाजवळ शीलाताई डुंबरे यांचे पेंढा भरलेल्या प्राण्यांचे खासगी संग्रहालय आहे. तेथे काचेच्या खोलीत हिमालयातला रानबोकड उभा आहे. त्याच्याभोवती खोटा बर्फ बसवणे व झाडणे हे काम माझ्याकडे आहे. कागदाचा लगदा, काचेची पूड व डिंक असा तो बर्फ असतो. धुळीने पिवळा पडतो, म्हणून मऊ ब्रशने झाडावा लागतो. खायचा सोडा कोणी वापरू नये, दमटपणाने लई गोळे होतात.

दि. ०६ रोजी दुपारी ४ वाजता नवीन थर देऊन मी कुलूप लावले व चावी व्यवस्थापक भरत यांना दिली. शीलाताईंनी तेव्हाच मोबाईलमध्ये फोटो काढला.

दि. ०९ रोजी बोकडाची शिंगे बदलून फायबरची बसवल्याचे ताईंच्या लक्षात आले. भरत म्हणाले, "आत हाच शिरतो. फिरस्त्याचा काय भरोसा, ताई?" त्यावरून मला ठाण्यात आणले. माझी आई तुकाबाई कालपासून ठाण्याच्या पायरीवर बसून आहे.

आज सकाळी ११ वाजता संग्रहालयात पंचनामा चालू असताना मला बोकडाच्या पोटाखाली बर्फ दिसला. मी म्हणालो, "ह्यो माझा न्हाई."

भरत हसले. "बर्फावर नाव लिवतो का रं तू?"

दोन वर्षांपूर्वी मी टोमॅटोच्या ट्रकवर बसून हिमाचलला गेलो होतो. तिकडे चहात मीठ टाकतात. (हवालदार मॅडम म्हणाल्या, मुद्द्यावर ये.) मुद्दा हाच, की बर्फ पडताना तिथल्या मेंढ्या उभ्याच राहतात. त्यांच्या पोटाखाली कोरडी जागा राहते, कोकरे तिथे बसतात. म्हणून मी पोटाखाली बर्फ टाकत नाही. ताईंच्या फोटोतही तिथे उघडी माती आहे.

मी वाकून फुंकर मारली. माझा बर्फ चिकटलेला असतो, हलत नाही. हा उडाला आणि भरत यांच्या शर्टावर बसला. ती रांगोळी होती. शिंगे काढायला बोकड हलवला तेव्हा माझा थर मोडला, तो बुजवायला ती टाकली, असे मी जागेवरच सांगितले. भरत यांचे कपाट उघडल्यावर रांगोळीची पिशवी व तिच्यामागे पोत्यात दोन्ही शिंगे मिळाली.

शीलाताई मला 'ए पोरा' म्हणायच्या. आज म्हणाल्या, "राघूभाऊ, चुकलं आमचं."

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. फक्त वर धंद्यापुढे 'फिरता मजूर' आहे, ते खोडून 'बर्फाचा कारागीर' लिहायला लावले व खोडलेल्या जागी सही केली. तेवढी ओळ बाहेर आईलाही मोठ्याने वाचून दाखवावी, तिला वाचता येत नाही.

सही/-
राघू सोमाजी कोळपे