खजिनदाराकडे राहिलेलं पदक

जत्रेत राज्याच्या खजिनदाराच्या स्टॉलवर लोक आपलं बँकेत विसरलेलं, मग सरकारजमा झालेलं काही तिथे पडून आहे का, ते विचारत होते. रांगेत लॉर्नाच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"चल गं व्हर्ना, डुकरांची शर्यत सुरू होईल."

"होऊ दे. थांब."

स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "डेल्बर्टसाहेब, तुमच्या नावावर युद्धातलं पदक आहे. बँकेच्या लॉकरचं भाडं थकलं, म्हणून आमच्याकडे आलं. पदकांचा आम्ही लिलाव करत नाही."

"पदक? तू तर नदीत फेकलंस ना रे?"

"माझं फेकलं. हे माझ्या तुकडीतल्या रॉयचं. मरताना म्हणाला, आईला दे."

"अरे, चर्चमध्ये त्याच्या आईच्याच शेजारी बसायचास की."

"ती गेल्यावर लॉकरमध्ये ठेवलं. तोवर दर रविवारी खिशात असायचं."